गिळलेले शब्द

सीमेच्या वाटाघाटींत आज पहिल्यांदाच भाषांतर यंत्र करणार होतं. निवृत्तीला टेकलेल्या दुभाषीबाईंनी फक्त हेडफोन लावून ते तपासायचं होतं, पण त्यांचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. इतकी वर्षं दोन्हीकडच्या मंत्र्यांच्या शिव्या त्यांनी परस्पर गिळल्या होत्या आणि पुढे गोड बोल सरकवले होते. म्हणून तर आजवर गोळी सुटली नव्हती. हे मेलं यंत्र कसलं गिळतंय!

आणि व्हायचं तेच झालं. पाण्याचा विषय निघाला आणि बाईंचे मंत्री टेबलावर हात आपटून कडाडले, "नदी काय तुमच्या बापाची आहे?"

बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. यंत्र पलीकडच्यांच्या भाषेत शांतपणे म्हणालं, "ही नदी आपल्या दोघांच्याही वाडवडिलांची आहे."

पलीकडचे मंत्री जरा थबकले. मग त्यांनी चक्क मान डोलावली.

शेजारी बसलेल्या इंजिनिअरला दोन्हीतली एकही भाषा येत नव्हती. त्याने हळूच इंग्रजीत विचारलं, "मॅडम, बरोबर बोलतंय ना? तुमच्याच जुन्या रेकॉर्डिंगवर शिकवलंय त्याला."

बाईंनी सकाळपासून तसाच राहिलेला पाण्याचा ग्लास एका दमात संपवला.



"शब्द न् शब्द बरोबर," त्या म्हणाल्या.