मश्रूमचं पाणी

बर्फाच्या ट्रेमधल्या आठ तपकिरी वड्या धाकट्याने कढईत सोडल्या, तेव्हा आलं-लसूण लालसर झालं होतं आणि कोबी-गाजर अजून कचकचीत होतं. वड्या चर्र करून विरघळल्या. त्याने घाईघाईने वर सोया सॉस ओतला, आणि खिडकी उघडली.

"वास भारी सुटलाय रे!" बाहेरच्या खोलीतून दादा ओरडला.

"मश्रूमचं पाणी आहे, दादा."

"मश्रूमचं, की मश्रूमच्या आजोबांचं?"

धाकटा हसला. उकडून निथळलेले नूडल्स त्याने कढईत टाकले आणि चिमट्याने वरखाली केले.

वाळवलेले मश्रूम भिजवले की पाणी असं गडद होतं, की त्यात आणखी काय मिसळलंय ते कुणाच्या बापाला कळत नाही. धाकटा त्यात नळीच्या हाडांचं पाणी मिसळायचा. चार तास उकळलेलं, घट्ट. मग ट्रेमध्ये ओतून वड्या गोठवायचा. हाडं द्यायचा पलीकडच्या गल्लीतला खाटीक. त्याचा समज, की या गृहस्थांच्या घरी दांडगा कुत्रा आहे. परवा त्याने आपुलकीने विचारलं होतं, "चालतो का अजून तुमचा म्हातारा?"

"लंगडतो," धाकट्याच्या तोंडून निसटलं, आणि घरी येईपर्यंत त्याचे कान तापलेलेच होते.

कारण लंगडत होता तो दादा. बाजारातला नावाजलेला कटिंग मास्तर. टेबलाशी दहा-दहा तास उभं राहून कापड कापणारा. आता तासभर उभं राहवत नव्हतं. उद्या दुकानाची किल्ली दुसऱ्या शिंप्याच्या हातात द्यायची ठरली होती.

आणि हे सगळं आपल्यामुळे, यात धाकट्याला तिळमात्र शंका नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी तो दादाच्याच दुकानात उमेदवारी करत होता. एका शाळेच्या गणवेशाचं काम आलं. दादा बाहेरगावी. धाकट्याने शहाणपणा केला आणि चाळीस पँटी एका दमात कापल्या. चाळीसच्या चाळीस पँटींचा डावा पाय चार बोटं आखूड! एवढी लंगडी पोरं एका शाळेत मिळणं कठीण. दादा परत यायच्या दिवशी धाकट्याने छाती धरली, डोळे फिरवले आणि अंथरूण गाठलं. चांगला दीड महिना पडून राहिला. पँटींचा विषयच निघाला नाही.

पण त्याच आजारपणात दादाने चारचौघांत शपथ घेतली, "हा वाचला, तर जन्मात मांसाला शिवणार नाही." हे म्हणणारा माणूस कोंबडीची तंगडी हाडासकट संपवणारा. धाकट्याला अंथरुणात घाम फुटला. तेवढा एकच खरा घाम.

तो बरा झाला. दादाने शपथ पाळली. मग धाकट्याने शिवणकाम सोडून घड्याळं दुरुस्त करायला घेतली, आणि घरचा स्वयंपाकही. पाकिटामागचं वाचून नूडल्स शिकला. दादाला आवडले, म्हणून एक दिवसाआड तेच. शपथ दादाने घेतली होती, त्याने थोडीच! दादाच्या अंगात ताकद जावी, म्हणून तो दोन वड्या टाकू लागला. पाय दुखायला लागले तेव्हा चार केल्या. लंगडायला लागला तेव्हा सहा. गेल्या महिन्यापासून आठ.

आज मात्र तो सगळं ओकून टाकणार होता. सोंग आधी, हाडं नंतर. शपथच खोटी ठरली, की दादा उघड मटण खाईल, पायांवर उभा राहील, किल्ली परत मागेल.

त्याने दोन वाडग्यांत नूडल्स वाढले, वर कांद्याची पात भुरभुरली. दादा भिंतीला धरून टेबलाशी आला.

"दादा, एक सांगायचंय."

"मीठ विसरलास?"

"त्या वेळी मला काही झालं नव्हतं. छातीबिती काही नाही. पँटींची भीती वाटली, म्हणून सोंग केलं."

दादाने त्याच्याकडे पाहिलं. मग असा हसला, की नूडल्सचं टोक हनुवटीवर लोंबू लागलं.

"गाढवा, तुझी छाती घोड्याची आहे, हे डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं मला."

"मग शपथ?"

"अरे, त्याला म्हटलं, आलाच आहेस तर माझ्या पायाचा अंगठा बघ. ठणकायचा. त्याने रक्त तपासलं. म्हणाला, मास्तर, युरिक ॲसिड वाढलंय, मांस बंद. सांधे धरायला लागलेत."

धाकट्याने हातातला काटा खाली ठेवला.

"मला का नाही सांगितलंस?"

"कटिंग मास्तरचे पाय गेले, असं बाजारभर झालं असतं, तर कापड कुणी टाकलं असतं? तू सोंग घेऊन पडलाच होतास. म्हटलं, हे निमित्त झकास आहे. पथ्य म्हटलं की लोक आग्रह करतात, शपथ म्हटलं की हात जोडतात. तुला सांगितलं असतं, तर चार दिवसांत तुझ्या तोंडून फुटलं असतं."

"दादा, थांब जरा, ते खाऊ नको—"

"बोलू दे रे. डॉक्टरने बजावलं होतं, हाडांचं पाणी तर विष समज, थेंबभरही नको." दादाने वाडगं दोन्ही हातांनी उचललं, तळाचा रस घटाघट प्यायला आणि रिकामं वाडगं पुढे सरकवलं. "अकरा वर्षं थेंबाला शिवलो नाही. तरी पाय का गेले, ते त्या डॉक्टरलाही कळेना. वाढ अजून, आणि रस जरा जास्त घाल."