सांगून हसणं

पार्किन्सनच्या रुग्णांना आधार देणाऱ्या त्या संस्थेत दर बैठकीला एकाची विनोद सांगायची पाळी असे. आजाराने सगळ्यांचे चेहरे ताठ झालेले, आतून हसू आलं तरी वर दिसायचं नाही. म्हणून त्यांनी आपसांत एक पद्धत पाडली होती. हसू आलं की तोंडाने सांगायचं, "हसलो."

त्या दिवशी निवृत्त पोस्टमास्तरांनी विनोद सांगितला. जुनाच होता. तरी खुर्च्यांवरून सावकाश आवाज येत गेले, "हसलो." "हसले." "मीपण."

भिंतीकडेच्या खुर्चीतल्या आजी मात्र गप्प होत्या. मांडीवर नवऱ्याचा स्वेटर, औषधांची पिशवी, पाण्याची बाटली. चेहऱ्यावर काहीच नाही. संस्थेत मदतीला नवीनच आलेली ताई त्यांच्याजवळ वाकली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "आजी, संकोच करू नका. या आजारात चेहरा असाच होतो. हसू आलं तर नुसतं सांगायचं."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायचंही त्यांच्या जिवावर आलं होतं.

शेजारून त्यांचा नवरा पुसट आवाजात म्हणाला, "आजार मला आहे. वाटून घेऊ म्हणाली होती. दुसरं काही घेता येईना, म्हणून चेहरा घेतला."

ताईला कुठे बघावं ते कळेना.

आजींनी नवऱ्याच्या हनुवटीवरची लाळ टिपली, रुमालाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"हसले," त्या म्हणाल्या.