नानांची फ्लॉपी

देवपुरात भिकनचं टायपिंगचं दुकान होतं. त्या वर्षी कॉम्प्युटरमध्ये व्हायरसची साथ आली होती, म्हणून जळगावच्या इंजिनिअरने त्याला सिस्टिमच्या सुरक्षेची नवी सीडी दिली आणि बजावलं, "आधी सगळं काम फ्लॉप्यांवर उतरवून घे. मगच ही चढव." भिकनने कंटाळा केला. सीडी अर्धी चढली असताना लाइट गेली, आणि मग कॉम्प्युटर सुरूच होईना. शेवटी सगळी डिस्क पुसावी लागली. लोकांच्या लग्नपत्रिका, कॉलेजचे प्रबंध, काही उरलं नाही.

गिऱ्हाइकं अंगावर यायला लागली तेव्हा भिकन बोलून गेला, "सुकदेव नानांच्या फ्लॉपीतून व्हायरस आला."

नाना म्हणजे निवृत्त मास्तर. अहिराणी गाण्यांचं पुस्तक काढायचं म्हणून त्यांनी एक फ्लॉपी आणून दिली होती. भिकनचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं.

दुसऱ्या दिवशी भिकन दुकान उघडायला आला, तर नाना पायरीवर बसलेले. चिडून येणाऱ्या प्रत्येकापुढे ते उठून हात जोडत होते. "चूक मन्ही शे, भाऊ. भिकनले काही बोलू नका."

प्रबंध गेलेल्या एका बाईंनी त्यांना भर रस्त्यात वाटेल तसं सुनावलं. नाना मान खाली घालून ऐकत राहिले. भिकनला ते बघवेना. तो उठून नानांजवळ गेला, खरं सांगायचंच ठरवून.

"नाना," तो म्हणाला, "चहा सांगू का?"