गुरुजींचा ठरलेला कप

"आत टेबलं किती होती, गुरुजी?" अर्णवने पुन्हा विचारलं.

"ते न्हाई सांगता यायचं," रंगनाथ गुरुजी म्हणाले. "भट्टीचं विचारा. भट्टीचं सगळं सांगतो."

आणि सांगितलं. भट्टी रस्त्याच्या अंगाला, दाराला लागून. एका बाजूला भज्यांची कढई, दुसऱ्या बाजूला चहाचं पातेलं. मटकीच्या उसळीला फोडणी पडली की वास थेट समोरच्या शाळेत शिरायचा आणि चौथीच्या वर्गातली पोरं पाढे चुकायची.

"पोरंच कशाला, शिकवताना मीबी चुकायचो."

दोघं हॉटेलच्या दारातल्या निंबाखाली बसले होते. मागे गवंड्यांचं काम चालू होतं. अर्णवने आत बसू म्हणून दोनदा म्हटलं, पण गुरुजी म्हणाले, "हितंच बरंय. सावली हाय."

कर्जतच्या पेठेतलं 'नृसिंह उपाहारगृह' अर्णवच्या आजोबांचं, म्हणजे तात्यांचं. तात्या गेले, चुलत्यांनी कुलूप घातलं, मग तिथं चपलांचं दुकान आलं, तेही बसलं. अर्णव पुण्यात जन्मला, पुण्यातच वाढला. हॉटेल त्याने नुसतं ऐकलेलं. आता चांगली नोकरी सोडून, तीच जागा घेऊन, तो तेच हॉटेल पुन्हा उभं करत होता. तेच आणि तसंच. फसलं तर पुण्याला परत जायला तोंड नव्हतं.

गावाला विचारून पाहिलं त्याने. गाव हळहळण्यात पटाईत. फेसबुकवर शे-दीडशे जणांनी लिहिलं, काय चव होती राव, गेले ते दिवस. भज्यांत ओवा असायचा का, एवढं विचारलं की सगळे गप्प. नुसत्या आठवणी काढायला काय जातंय? एकट्या गुरुजींना नेमकं माहीत होतं. ओवा असायचा. थंडीत जास्त. एकादशीला भज्यांची कढई उतरायची आणि साबुदाण्याची खिचडी चढायची. फक्त आतलं त्यांना आठवत नव्हतं. वय झालं, असं अर्णवने धरून चाललं.

"तात्यांचं तुमच्याशी कसं होतं?"

गुरुजींनी भट्टीच्या जागेकडं बघितलं.

"पाणी ते सोता ओतायचे. मला कधी तांब्या उचलू दिला न्हाई."

"अरे वा!"

"अन् माझा कप ठरलेला हुता. दुसऱ्या कुणाला त्यात चहा दिला न्हाई कधी."

अर्णवच्या अंगावर काटा आला. रेकॉर्डिंग चालू होतं, तो मोबाईल त्याने आणखी जवळ धरला. एवढा जीव आता कुठलं हॉटेल लावतं गिऱ्हाइकाला?

"गुरुजी, उद्घाटनाचा पहिला चहा तुम्हाला."

"मला बोलवणार तुमी?"

"म्हणजे काय! आणि मला अहो-जाहो नका करू हो. नातवासारखा आहे मी."

"बोलवा पण," गुरुजी म्हणाले. काठी टेकून उठले, चार पावलं गेले आणि वळले. "इसराल. तारीख कळवा."

संध्याकाळी अर्णवने आईला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. सुनीतीबाई मटकी निवडत होत्या. तांब्याचं ऐकलं आणि त्यांचा हात थांबला.

"हसत सांगत होते?"

"हो. का गं?"

"काही नाही." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "आतलं त्यांना नको विचारूस. मी सांगते. लग्न होऊन आले तेव्हा चालू होतं की हॉटेल."

आणि त्यांनी सांगितलं. संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या, भिंतभर आरसा, त्याच्यावर देवाची तसबीर, छताला पांढरा पंखा. अर्णवने खूश होऊन सगळं तसंच करून घेतलं. बाहेरचं गुरुजींचं, आतलं आईचं. कुठंच कमी राहिली नाही.

अक्षय्य तृतीयेला गाव लोटलं. फुकट भजी म्हटल्यावर लोटणारच. गुरुजी कडक इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून आले आणि निंबाखाली येऊन उभे राहिले.

दाराशेजारच्या भिंतीवर अर्णवने पेंटरकडून काहीतरी लिहून घेतलं होतं. कोणालाच दाखवलं नव्हतं, आईलाही नाही. त्याने पडदा ओढला.

'तात्यांनी गुरुजींना कधी तांब्या उचलू दिला नाही.'

तरुण पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारे आपापल्या चपलांकडं बघत राहिले.

"आई, कसं वाटतंय?" अर्णवने विचारलं. सुनीतीबाईंची नजर निंबाखालच्या गुरुजींवर होती.

अर्णवने खोक्यातून नवा कप काढला. त्यावर सोनेरी अक्षरांत 'रंगनाथ गुरुजी' लिहिलेलं. तो कप घेऊन तो निंबाखाली गेला.

"घ्या. तुमचा ठरलेला कप. आता एवढं सांगा, तात्या तो ठेवायचे कुठे? तिथंच ठेवायचाय मला."

गुरुजींनी निंबाच्या खोडावरून हात फिरवला. सालीत अर्धा बुडालेला एक गंजका खिळा होता. तो त्यांच्या बोटांना न शोधता सापडला.

"हितं."

अर्णव हसला. "बाहेर?"

कोणीच हसलं नाही. मग त्याचंही हसू विरलं.

सुनीतीबाई पायरी उतरून खाली आल्या. त्यांनी मुलाच्या हातातून कप काढून घेतला आणि पदराआड धरला.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "आत या."

बाकीचं गाव सकाळपासून चपलांसकट आतबाहेर करत होतं. गुरुजींनी मात्र चपला पायरीवर काढल्या, नीट जोडीने ठेवल्या. उंबऱ्याशी थबकले आणि मग पाय आत टाकला. टेबलाच्या गार दगडावर तळहात ठेवला. आरशात स्वतःला बघितलं. मान वर करून पंख्याकडं बघितलं.

"असं हुतं व्हय आतनं," ते म्हणाले.