गुरुवारचा धूर

मध उकळून फेसाळला आणि फोरमनने गॅस बारीक केला. अकरा आठवड्यांत हे पहिल्यांदाच घडत होतं. एरवी या क्षणी तो गॅस मोठा करत असे.

कढल्यात मध, लाल तिखट, ठेचलेली लसूण आणि लिंबाचा रस. शेजारी तव्यावर सॅमनचे दोन तुकडे, कातडी खाली. माणूस बॉयलरवरचा. अडतीस वर्षं कारखान्याच्या भट्ट्या सांभाळलेल्या. कामगार सांगत की हा नुसतं भिंतीला तळवा टेकवून आतला दाब सांगतो, आणि काटा चुकीचा दाखवत असेल तर काटाच शरमून जागेवर येतो. खरंखोटं त्या काट्याला ठाऊक. पण असा माणूस दर गुरुवारी मध जाळतो, हे कुणाला पटलं असतं? त्याच्या जाळण्यातही कसब होतं. मासा वाया जाऊ द्यायचा नाही, आणि धूर मात्र आगगाडीला लाजवील इतका काढायचा.

पहिला धूर खराच चुकून झाला होता. मधाचं काय, पापणी लवते तेवढ्यात काळा पडतो. कुठेतरी कर्णकर्कश अलार्म वाजू लागला आणि दोन मिनिटांत दार ठोठावून शेजारच्या बाई आत शिरल्या. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, हातात ओला टॉवेल. त्यांनी खिडक्या उघडल्या, टॉवेल फिरवून धूर हाकलला आणि पाव तास फोरमनला फैलावर घेतलं. मासा शिजवताय की विटा भाजताय, असं विचारलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा समुद्रापलीकडून रविवारी फोन करून ‘जेवलात ना’ विचारी आणि उत्तर निम्मं ऐकून ठेवून देई. सहा वर्षांत कुणी त्याच्यावर इतकं मनापासून चिडलं नव्हतं. त्या पाव तासावर त्याचा बुधवारपर्यंतचा आठवडा निघाला. पुढच्या गुरुवारी त्याने गॅस मुद्दाम मोठा केला.

मागच्या खेपेला जाताना बाई दारात थांबल्या होत्या. “एवढा महागाचा मासा, फोरमन. एकदा तरी न जाळता खा हो.”

ते वाक्य त्याच्या डोक्यात घर करून बसलं. न जाळता करायचा तर बाईंना जेवायलाच बोलवावं, असं त्याने ठरवलं. सोमवारी त्यांच्या दारापर्यंत गेला आणि पायपुसणं सरळ करून परत आला. मंगळवारी, बुधवारी तेच. पायपुसणं बिचारं आधीच सरळ होतं. आग लागली म्हणून कुणालाही हाक मारता येते. एकटा आहे म्हणून हाक मारायला जीभ उचलत नाही. आणि बाई काही त्याच्यासारख्या नव्हत्या. ज्यांना इतकं भरभरून रागावता येतं, त्या कसल्या एकट्या?

शेवटी आज त्याने मासा नीट केला. आधी नाही, अगदी शेवटच्या मिनिटाला त्यावर पाक ओतला, चमच्याने तीनदा वरून सोडला आणि गॅस बंद केला. सॅमन नव्या तांब्यासारखा चकाकत होता. स्वयंपाकघरात धुराचा लवलेश नव्हता. संध्याकाळचे सात वाजले होते. ताटात एक तुकडा, तव्यावर एक. समोर रिकामी खुर्ची. त्याने काटा-चमचा उचलला, खाली ठेवला. असा सुंदर मासा एकट्याने खायचा म्हणजे स्वतःच्याच लग्नाला एकट्याने जाण्यासारखं. तो उठला. उरलेला पाक पुन्हा गॅसवर ठेवला आणि बटणाला हात लावला.

अलार्म वाजला.

फोरमनने बटणाकडे पाहिलं. बंद. वर पाहिलं. धूर नाही. स्टूल ओढून तो छताजवळच्या अलार्मच्या पांढऱ्या डबीपर्यंत चढला आणि झाकण उघडलं. आत बॅटरी फुटून हिरवी पडली होती आणि तिच्यावर एक कोळी सुकून बसला होता. ही डबी गेल्या कित्येक वर्षांत वाजणं शक्यच नव्हतं. पण आवाज तर येत होता. बॉयलरने कान निम्मे खाल्लेले, कुठून येतो ते कळेना. मग त्याने जुन्या सवयीने भिंतीला तळवा टेकवला.

भिंत थरथरत होती. पलीकडून, बाईंच्या घरातून.

आवाज थांबला. पावलं आली. दार वाजलं.

बाई उभ्या होत्या, टॉवेल निथळत होता. “काय हो फोरमन, पुन्हा...” म्हणाल्या आणि आत बघून थबकल्या. ताटात लखलखता मासा. गॅस बंद. स्टूल. वर उघडी डबी. आयुष्यभर वर्गाला गप्प करणाऱ्या बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि त्या परत वळू लागल्या.

फोरमनने त्यांच्या हातातला टॉवेल घेतला आणि दुसरी खुर्ची ओढली.

“या बाई, बसा. जरा उशीर केलात, धूर आत्ताच गेला.”