मिरवणुकीचा फोटो

विश्वचषक जिंकल्यामुळे पेपरचं अख्खं पहिलं पान विजयाच्या मिरवणुकीला दिलं होतं. ‘देशाची मान उंचावली!’ या मथळ्याखालच्या फोटोत, झेंडे नाचवणाऱ्या गर्दीत, आबांनी भिंग लावून आपला मुलगा शोधून काढला.

“सूनबाई, छकुलीला उठव. म्हणावं, तुझा बाप पहिल्या पानावर आलाय!”

मिरवणुकीतल्या चेंगराचेंगरीची बातमी आत, पाचव्या पानावर होती. गेलेल्यांत त्याचं नाव होतं. इस्पितळातून आलेला फोन तिनंच घेतला होता, पण आबांना सांगायला काही केल्या तोंड उघडत नव्हतं. शेवटी ती त्यांच्याजवळ बसली आणि पान उलटू लागली.

आबांनी पेपरवर तळवा दाबून धरला.

“राहू दे, पोरी. आतलं वाचलंय मी. या पानावर अजून हसतोय गं तो.”