बकुळीची तहान

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, कानातल्या यंत्राला आता झाडांची तहानसुद्धा ऐकू येते.

शाळेतली बकुळ पार सुकली होती. जन्मापासून बहिरी असलेली सावनी तिला मिठी मारून उभी होती.

"सरक गं पोरी. वठलीय ती," कुऱ्हाड घेऊन आलेले शिपाई तुकामामा म्हणाले.

"नाही मामा! आत बारीक बुडबुडे फुटतायत. पाणी मागतेय ती."

"तुझं यंत्रच वठलंय!" मामा हसले आणि त्यांनी कुऱ्हाड उचलली.

सावनीने यंत्र काढलं. सगळं जग धुक्यात विरावं तसं शांत झालं. तिने ते मामांच्या कानात बसवलं. मामांनी तो कान खोडाला लावला. मग कुऱ्हाड हळूच जमिनीवर टेकली.

यंत्र त्यांच्याच कानात राहू देऊन सावनी नळाकडे धावली.